थेंब थेंब तर्री

पेलेट स्मोकर नावाच्या यंत्राच्या एका अंगाला छोटी बादली टांगलेली असते. यंत्राच्या पोटात आठ-दहा तास मांस शिजत असतं. त्यातून सुटलेली चरबी आणि रस एका उतरत्या पत्र्यावरून घरंगळत नळीशी येतात आणि थेंब थेंब त्या बादलीत पडतात. अमेरिकेत ही बादली कचऱ्याच्या हिशोबात धरतात. तिच्यासाठी ॲल्युमिनियमची पातळ अस्तरंसुद्धा विकत मिळतात. बादली भरली की अस्तर काढायचं, गुंडाळायचं आणि टाकून द्यायचं. टेक्सासमध्ये भाच्याच्या परसात हे बघितलं आणि माझ्यातला नागपूरकर कळवळला. ज्या गावात माणूस सावजीच्या खानावळीत बसल्या बसल्या "तर्री येऊ द्या" म्हणतो, त्या गावच्या माणसाने चरबी कचऱ्यात जाताना बघत राहायचं म्हणजे फारच झालं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. धुरावर शिजणाऱ्या मांसाचा रस कसा धरावा, कशात धरावा, किती वाजता धरावा आणि धरल्यावर त्याचं काय करावं, यावर मी पाहुण्यांना इतकं ऐकवलं आहे की आता ते विषय बदलण्याची तयारी करूनच येतात. संपादकांनी पानांचं बंधन घातलेलं नाही. त्यामुळे वाचकांचीही सुटका नाही.

यंत्राची ओळख मात्र उरकून टाकतो. १९७० च्या दशकात तेल महागलं, त्यानंतर अमेरिकेत लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर घर तापवणाऱ्या शेगड्या आल्या. भुशातलं लिग्निन उष्णतेने आणि दाबाने मऊ होऊन भुसा बांधून धरतं. ऑरेगन राज्यातल्या जो ट्रेगर यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तीच कल्पना स्वयंपाकाकडे वळवली. त्यांचं पेटंट २००६ च्या सुमारास संपलं आणि मग बऱ्याच कंपन्या या धंद्यात उतरल्या. पेटीतल्या कांड्या एक फिरता स्क्रू पुढे ढकलतो, त्या लहानशा अग्निकुंडात पडतात, विजेची तापती कांडी त्यांना पेटवते, पंखा हवा देतो आणि तापमान बघून एक चिप सगळं सांभाळते. अमेरिकेतलं यंत्र ११० ते १२० व्होल्टवर चालतं, म्हणून इकडे आणलं तर ट्रान्सफॉर्मर लागतो. नागपुरात माझ्या एका मित्राच्या गच्चीवर असं एक यंत्र ट्रान्सफॉर्मरसकट नांदतं आहे आणि माझे बरेचसे प्रयोग त्याच्याच जिवावर झाले आहेत. पावसाळ्यात कांड्यांनी ओल धरली की त्या फुगून भुगा होतात आणि स्क्रू अडकतो, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे बास.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे सिगडीवर सीख भाजतात तेव्हा चरबी थेट निखाऱ्यावर पडते. ती पडताक्षणी जळते, तिचा धूर वर येतो आणि मांसाला चिकटतो. कबाबाच्या गाडीवरून जाताना पाय अडखळतो तो या धुरामुळे. म्हणजे सिगडीवरचा थेंब वाया जात नाही, तो वासाच्या रूपाने परत येतो. पेलेट स्मोकरमध्ये हे घडतच नाही. अग्निकुंडावर उष्णता पसरवणारा जाड पत्रा असतो, त्यावर चरबी वाहून नेणारा दुसरा उतरता पत्रा, आणि मांस त्याच्याही वर. थेंबाची आणि विस्तवाची भेट होत नाही. धूर येतो तो फक्त लाकडाचा. तेव्हा इथे थेंब खाली जाऊ देण्यात काहीच मिळकत नाही. उलट तो मधल्या तापलेल्या पत्र्यावर करपतो, राखेत आणि काजळीत मिसळतो आणि बादलीत पोचेपर्यंत कडू, काळा होतो. बादलीतली चरबी रश्श्याच्या उपयोगाची नाही ती यामुळे. धरायचं तर वरच्या वर, मांसाच्या पायथ्याशी धरायला हवं.

हे मी नागपूरच्या महाल भागातल्या एका सावजी खानावळीत, स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशींना समजावून सांगत होतो. त्यांनी कढईवरची नजर न काढता विचारलं, "सारी चरबी त्या डब्ब्यात जाते म्हनता? मंग मटनात राह्यलं काय?" मी म्हटलं, धूर राहिला. त्या म्हणाल्या, "धुरानं पोट भरते काय, भाऊ?" या प्रश्नाला अमेरिकेत उत्तर नाही.

सावजीबद्दल बाहेरगावचे लोक फक्त तिखटाविषयी बोलतात, याचा मला राग आहे. हलबा कोष्टी समाजाचा हा स्वयंपाक. विणकरांची घरं, दिवसभर मागावर बसणं, रात्री झणझणीत जेवण. हातमाग मंदावले तसे यातल्या अनेक घरांनी खानावळी काढल्या आणि महाल, इतवारी, गोळीबार चौक या भागांत त्यांची वस्ती झाली. जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. मसाल्यात किती जिन्नस यावर प्रत्येक घराचा वेगळा दावा. पण माझ्या मते या स्वयंपाकाचा खरा कस तिखटात नसून ताटलीतल्या रश्श्यावर जो लाल, चकचकीत थर तरंगतो त्यात आहे. मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. मसाल्यातले बहुतेक सुगंधही तेलाचेच सोबती. म्हणून वाटण तेलात परतून परतून, तेल सुटेपर्यंत थांबायचं असतं. तिथे घाई केली की रस्सा लाल दिसतो पण तर्री येत नाही. त्यात मटणाची स्वतःची चरबी उतरते तेव्हा तर्रीला अंग येतं. मावशींच्या शब्दांत, "नुसत्या तेलाची तर्री जिभीवर टिकत नाही. खाटकाले सांगाचं, सीन्याचे दोन तुकडे टाक म्हनून."

नागपुरात हे तर्रीचं वेड सकाळपासून सुरू होतं. पोह्यांवर चण्याचा रस्सा ओतून घेणारं गाव आहे हे. आणि श्रावण पोळ्याला संपतो, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, त्या दिवशी मटणाच्या दुकानांपुढची रांग बघावी. एक महिना अडवून धरलेली भूक तिथे उभी असते आणि तीही "जरा चरबी घालजो" असं बजावत असते.

या सगळ्यात धुराचा संबंध कुठे? मला तो फार जवळचा वाटतो. लाकडातलं लिग्निन जळतं तेव्हा ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी फिनॉल जातीची संयुगं तयार होतात आणि धुराचा वास म्हणून आपण जे ओळखतो ते मुख्यतः यांच्यामुळे. ही संयुगं चरबीत चांगली मुरतात. म्हणजे मिरचीचा रंग जिथे जाऊन बसतो तिथेच धूरही बसतो. धुरात चार-सहा तास थेंब थेंब साठलेल्या चरबीत वाटण परतलं, तर वर येणारी तर्री एकाच वेळी लालही असते आणि धुरकटही. रंग, मसाला आणि धूर तिन्ही एका थरात. आपल्याकडे तापलेल्या कोळशावर तूप सोडून झाकण ठेवतात आणि भाजीला धुरी देतात, त्यातही तूप हेच धुराचं वाहन असतं. चरकसंहितेत घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत. पहिल्या दोघांचं आपण भरपूर कौतुक केलं. वसेच्या वाट्याला मात्र बादली आली.

धरण्याची रीत सांगतो. स्मोकरच्या खालच्या जाळीवर स्टीलची परात किंवा पसरट ट्रे ठेवायचा, वरच्या जाळीवर मांस. दोन्हींत चार-पाच सेंटीमीटरची मोकळी जागा हवी, नाहीतर मांसाच्या खालच्या बाजूला हवा लागत नाही आणि ती पांढुरकी, उकडल्यासारखी राहते. परात फार मोठी नको. तिच्या चहूबाजूंनी गरम हवेला वर यायला वाट पाहिजे. परातीत सुरुवातीलाच बोट-दीड बोट पाणी घालायचं. कोरड्या परातीत पहिले थेंब पडतात आणि वाळून करपतात. पाण्यात पडले की सुरक्षित राहतात. पाण्यात मी अर्धे चिरलेले कांदे, सालासकट लसणाचा गड्डा, आल्याचा ठेचलेला तुकडा आणि दोन मसाला वेलदोडे टाकतो. मीठ अजिबात नाही. मांसाला चोळलेलं मीठ रसाबरोबर उतरतं, पाणी आटत जातं आणि शेवटी सगळं खारट होऊन बसतं. चिंच, टोमॅटो असं आंबट काही घालणार असाल तर ॲल्युमिनियमचा ट्रे टाळा.

११० अंशांवर चालणाऱ्या स्मोकरमध्ये परातीतलं पाणी उकळत नाही. पृष्ठभागावरून वाफ जात राहते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते, त्यामुळे पाणी उकळबिंदूच्या बरंच खाली राहतं. हेच मांसाच्या बाबतीतही होतं. आतलं तापमान ६५-७० अंशांपर्यंत येतं आणि मग तासन् तास अडून बसतं. नवखी माणसं इथे घाबरून आच वाढवतात. वाढवू नये. याच सुमारास खालच्या परातीत फार गमतीचे बदल होत असतात. पहिल्या दोन तासांत जे पडतं ते पातळ, तांबूस पाणी. त्याचा करडा फेस होतो. मग चरबी वितळून पडू लागते. आणि अगदी शेवटी, स्नायूंभोवतीचं कोलॅजन विरघळून जिलेटिन झालं की थेंब दाट होतो. तो परातीच्या कडेला पडला तर चिकटून बसतो, बोटाला ताणला जातो. शेवटच्या तासाचा हा थेंब मला सगळ्यांत प्रिय आहे. पाया सूप ओठांना चिकटतं ना, तोच हा गुण.

ज्यांना धूर सौम्य हवा त्यांनी दुसरी वाट धरावी. मांसाला हवा तेवढा रंग आला की ते फॉईलमध्ये घट्ट गुंडाळायचं आणि पुन्हा ठेवायचं. त्यानंतरचा सगळा रस फॉईलमध्येच साठतो, आटत नाही, राख पडत नाही. तो उघडताना मात्र खाली परात धरा, कारण गुंडाळी नेमकी खालूनच फाटते.

बकऱ्याच्या मांसाबद्दल एक अडचण आहे. स्मोकरवरची सगळी अमेरिकन शहाणीव डुकराच्या आणि गाईच्या मांसावर उभी आहे. डुकराचा खांदा इतकी चरबी सोडतो की परात बदलावी लागते. आपल्या बकऱ्याचं मांस सडपातळ. मांडीतून, म्हणजे खाटकाच्या भाषेत रानेतून, पडून पडून किती पडणार? विदर्भातल्या बेरारी जातीच्या बकऱ्याची दोन किलोची रान ठेवली तर परातीत चरबीपेक्षा रसच जास्त येतो. यावर उपाय सीना, म्हणजे छातीचा भाग. रान खाली आणि तिच्यावर चरबीदार सीन्याची पट्टी ठेवायची. पट्टीची चरबी रानेवरून ओघळत खाली येते, येताना रान कोरडी पडू देत नाही. खाटकाकडून पोटातली जाळीदार चरबी मागून घेतली आणि रानेला पांघरली तरी हेच काम होतं. आमचा खाटीक ती पूर्वी फुकट द्यायचा. मी तिचं काय करतो हे त्याला सांगितल्यापासून तो तिचे पैसे घेतो.

बकऱ्याच्या चरबीत स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त, म्हणून ती लवकर थिजते. ढोबळमानाने ४० ते ५० अंशांच्या दरम्यान ती घट्ट-पातळ होते. आता नागपूरकराने विचार करावा. मे महिन्यात आपली हवाच ४५ अंशांवर असते, तेव्हा ताटातली तर्री शेवटच्या घासापर्यंत वाहती राहते. डिसेंबरात पारा १० च्या खाली उतरला की तीच तर्री पाच मिनिटांत टाळूला चिकटते. म्हणून हिवाळ्यात शेतावरच्या पार्टीला रस्सा चुलीवरून उतरवू नये आणि ताटल्या गरम पाण्यातून काढून घ्याव्यात. पार्टीला हिवाळाच बरा आणि तर्रीला उन्हाळाच बरा, हा विदर्भाचा पेच आहे.

थोडं इंग्लंडला जाऊन येऊ. मांसाचा थेंब धरण्याची सर्वांत शिस्तबद्ध परंपरा तिथली. उघड्या विस्तवासमोर सळईवर मांस फिरत राहायचं आणि खाली लांबट तसराळं ठेवलेलं असायचं. १७३७ मध्ये छापलेल्या 'द होल ड्यूटी ऑफ अ वुमन' या पुस्तकात त्या थेंबांखाली पिठाचं सरसरीत मिश्रण ठेवून पुडिंग करण्याची कृती आहे; १७४७ मध्ये हॅना ग्लास या बाईंनी त्याला यॉर्कशर पुडिंग या नावाने छापलं. मोठ्या घरांत साठलेली ही चरबी म्हणजे स्वयंपाकिणीची वरकमाई. ती मागच्या दारी विकायची, आणि गरीब घरांत पावावर मीठ भुरभुरून तीच खायची. मालकिणी तक्रार करायच्या की चरबी जास्त मिळावी म्हणून बाई मांस मुद्दाम जास्त भाजते. मला त्या स्वयंपाकिणीबद्दल आत्मीयता वाटते.

ही परंपरा आपल्या दाराशीही आली होती. इंग्रजांनी नागपूरच्या भोसल्यांविरुद्ध जिंकलेली सीताबर्डीची लढाई १८१७ ची. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसवली आणि तिथे दीर्घकाळ मद्रास सैन्याच्या पलटणी असत. त्याच मद्रास सैन्यातले अधिकारी केनी-हर्बर्ट यांनी 'वायव्हर्न' या टोपणनावाने १८७८ मध्ये 'क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास' हे पाकशास्त्राचं पुस्तक काढलं. हिंदुस्थानातल्या साहेबाच्या घरी सॉस कसा बिघडतो यावर हा गृहस्थ पानंच्या पानं तळमळला आहे. कामठीच्या एखाद्या मेसच्या कपाटात ते पुस्तक असणारच, असं मला उगाच वाटतं. छावणीच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवरून मी अनेकदा फिरलो आहे. तिथे आता गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. साहेबाचा रोस्ट गेला, पण शिस्त उरली आहे.

आपल्याकडे थेंब धरण्याची स्वतंत्र भांडी नव्हती, कारण आपण तो दुसऱ्या अन्नालाच प्यायला देत आलो. रायगडातली पोपटी घ्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, मधे मसाला लावलेली कोंबडी. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. कोंबडीचा रस शेंगा आणि बटाटे पिऊन टाकतात, आणि माझ्या मते पोपटीत कोंबडीपेक्षा बटाटा श्रेष्ठ. हीच युक्ती स्मोकरमध्ये करता येते. परातीत कांद्याबरोबर छोटे बटाटे टाकले तर रस थोडा कमी मिळतो, पण बटाट्यांवरून भांडणं होतात.

इंधनाचं बोलल्याशिवाय राहवत नाही. कांड्या परदेशातून मागवायच्या म्हणजे मटणापेक्षा धूर महाग. विदर्भात पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग शेताच्या धुऱ्यावर जळताना दिसतात, तेव्हा वाटतं याच्याच कांड्या का नाहीत? त्या आहेत. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूरच्या केंद्रात पऱ्हाटीपासून पेलेट आणि ब्रिकेट करण्याचं काम झालेलं आहे. पण ते बॉयलरसाठी, भट्टीसाठी. कपाशीवर किती फवारण्या होतात हे विदर्भात कोणाला सांगायला नको. त्या कांडीचा धूर थेट अन्नाला देऊ नये. कारखान्याच्या कांड्यांत प्लायवूडचा, रंगवलेल्या लाकडाचा भुसाही असू शकतो. स्मोकरला खाद्यपदार्थांसाठी म्हणून विकलेलीच कांडी हवी.

माझा डोळा संत्र्याच्या लाकडावर आहे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात डिंक्या रोगाने किंवा वयाने गेलेली झाडं शेतकरी उपटतात आणि ते लाकूड चुलीत जातं. लिंबूवर्गीय लाकडाचा धूर हलका आणि किंचित गोडसर असतो, बकऱ्याच्या मांसाला झाकून टाकत नाही. बाभळीचं तसं नाही. ती अमेरिकेतल्या मेस्किटच्या नात्यातली, कडक आणि तिखट धुराची. सिगडीला उत्तम, सहा तासांच्या शिजवणीला जड. संत्र्याच्या कांड्या घरी पाडता येत नाहीत, त्याला यंत्र लागतं. पण वर्षभर वाळवलेल्या, साल काढलेल्या लाकडाचे बारीक तुकडे जाळीदार स्टीलच्या नळीत भरून, पेटवून, स्मोकरच्या कोपऱ्यात ठेवता येतात. संत्रानगरीत कोणी संत्र्याच्या लाकडाच्या कांड्यांचा कारखाना काढला तर पहिलं गिऱ्हाईक मी.

आता परात बाहेर आली. रस गाळून घ्यायचा, कांदे-लसूण दाबून पिळून घ्यायचे. कच्च्या मांसाचं पाणी पहिल्या तासांत याच परातीत पडलेलं असतं, म्हणून गाळलेला रस खळखळून उकळल्याशिवाय चमचा तोंडाला लावायचा नाही. लगेच वापरायचा नसेल तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. थंड झाल्यावर वर पांढऱ्या चरबीची वडी जमते आणि खाली तपकिरी रस थरथरत असतो. वडी उचलून घेतली की दोन्ही वेगळे.

इंग्रजी ग्रेव्ही करायची तर एक कप रसाला दीड मोठा चमचा चरबी आणि तेवढाच मैदा. मैदा बदामी होईपर्यंत परतून रस हळूहळू घालायचा. एक गोष्ट ध्यानात असू द्या. स्मोकरची आच मंद, त्यामुळे ओव्हनच्या ट्रेला जी खरपूस खरवड चिकटते ती इथे मिळत नाही आणि रस फिका दिसतो. तो वेगळ्या पातेल्यात मोठ्या आचेवर निम्मा आटवला की रंगही येतो आणि चवही.

पण मी मैद्याच्या वाटेला जात नाही. कढईत निम्मी धुरावलेली चरबी, निम्मं जवसाचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल. नुसती चरबी घेतली तर धूर इतका चढतो की रस्सा कडवट लागतो. त्यात कांदा तपकिरी करायचा, मग भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, आलं-लसूण आणि खडा मसाला यांचं पाट्यावर वाटलेलं वाटण. मिक्सरवरही चालतं, फक्त ते सावजीच्या मावशींना सांगू नये. तेल सुटलं की तिखट, आच कमी करून. मग एकेक पळी रस. दाटपणा कमी वाटला तर चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून. मीठ शेवटी, चाखून. दहा मिनिटं मंद आचेवर झाकून ठेवलं की तर्री वर येते. रानेचे तुकडे या रश्श्यात टाकायचे नाहीत. ते ताटात ठेवून वरून रस्सा ओतायचा, म्हणजे बाहेरची धुराची साल मऊ पडत नाही. सोबत ज्वारीची भाकरी.

या रश्श्याची वाटी मी महालातल्या मावशींना नेऊन दिली. त्यांनी बोट बुडवून चाटलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "चुलीवर केल्यावानी लागते. मंग येवढी मशीन कायले पाह्यजे?"

उरलेली चरबी गाळून बरणीत भरली की फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे सहज राहते. अंड्याच्या रश्श्याच्या फोडणीला, गरम भाकरीवर, गोवऱ्यांवर भाजलेल्या पानग्यांवर तुपाऐवजी, कुठेही चालते. तर्री पोह्यांच्या चण्याच्या रश्श्यातही ती चालेल असं मी घरी सुचवून बघितलं. त्यावर आमच्या घरात जी मतं व्यक्त झाली ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाहीत.